हवा कमी करा

काबरेटर म्हणा, कार्बोरेटर म्हणा, तोंडाला येईल ते म्हणा. बोलतोय तो मीच. मोटारसायकलच्या टाकीखाली, इंजिनाच्या पाठीला चिकटून बसलेला मुठीएवढा डबा. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला नीट पाहिलेलंही नसेल. गाडी बंद पडली की पहिली शिवी मात्र मलाच बसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मालकाचे उपकार आठवून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वस्तूंपैकी मी नाही. मला माणसांची किळस आली आहे. उगाच नाही आलेली. ती कशी आली तेवढं ऐका आणि मग मला तुसडा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

माझं काम तसं स्वयंपाकघरातलं. टाकीतून पेट्रोल येतं, फिल्टरमधून गाळलेली हवा येते. दोन्ही मापात कालवायचं आणि इंजिनाला वाढायचं. पेट्रोल जास्त झालं तर इंजिन गुदमरतं आणि काळा धूर ओकतं. हवा जास्त झाली तर ते अर्धपोटी राहतं, तापतं, चिडतं. हे माप राखायला माझ्या कुशीत एक छोटासा पितळी स्क्रू आहे. त्याला हवेचा स्क्रू म्हणतात. आत पिळला की हवा कमी, बाहेर काढला की हवा जास्त. जराशा फिरवण्यानं इंजिनाच्या पोटात फरक पडतो. काम असं नाजूक, आणि मला हाताळणारे हात कसले मिळावेत! नखांत वंगण, बोटांना तंबाखूचा चुना. पण ते पुढं येईलच.

जन्मलो तेव्हा मी आरशासारखा होतो. कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला उजेडात धरून पाहिलं आणि अलगद खोक्यात ठेवलं. स्वच्छ हात लागण्याचा माझ्या आयुष्यातला तो शेवटचा प्रसंग. मग एका काळ्या मोटारसायकलवर मला बसवलं आणि गाडी लातूरच्या दुकानात काचेमागे उभी राहिली.

तिथं मला रामलिंगअण्णा घ्यायला आले. किल्लारीच्या बाजूला त्यांचं गाव. थोडा ऊस, बाकी सोयाबीन-तूर. बरोबर बायको साखराबाई होती. दुकानातला टाय घातलेला मुलगा मायलेज सांगत होता, रंग दाखवत होता. साखराबाईनं त्याला मध्येच थांबवून विचारलं, "आवाज किती हाय हिचा?"

मुलाला वाटलं बाई हौशी आहे. तो म्हणाला, "एकदम दणक्यात आवाज आहे मावशी!" तशी ती दाराकडं वळली. अण्णांनी तिला हाताला धरून परत आणलं आणि मुलाला गाडी चालू करायला लावली. मी तेव्हा नवा, माझं माप अचूक. इंजिन मांजरीसारखं गुरगुरलं. साखराबाई डोळे मिटून ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "हं. ही चालंल."

तिनं गाडी कानानं निवडली याचं मला तेव्हा हसू आलं होतं. त्यामागचं कारण गावी गेल्यावर कळलं. त्र्याण्णवच्या भूकंपात साखराबाई नवी सून होती. पहाटेच्या अंधारात दगडमातीचं घर अंगावर आलं. अण्णांनी आणि शेजाऱ्यांनी तिला दुपारी ढिगाऱ्यातून ओढून काढलं. कुशीत तान्हं लेकरू होतं, ते गेलं. नंतर सरकारनं माळावर नवं गाव वसवलं, सिमेंटची पक्की घरं दिली. घरं होईपर्यंत सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. घरं झाली तसे लोक आत गेले. साखराबाई शेडमध्येच राहिली. भाकरी थापायला ती आत जाई, ताटं वाढून बाहेर येई. झोपणं मात्र अंगणातल्या पत्र्याखाली. तिला पुढं दोन लेकरं झाली, उज्वला आणि भुजंग. ती दोघंही त्या शेडमध्येच वाढली. भांडं पडलं, ट्रॅक्टरची ट्रॉली आदळली, की ती असेल तिथून उठून अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राही. गावात तिच्या वयाच्या बऱ्याच बायकांचं असंच होतं, त्यामुळे कोणी कोणाला नावं ठेवत नसे.

अण्णांनी मला जपलं. जपलं म्हणजे काय, तर हात लावला नाही. टपरीवरचं रॉकेल मिसळलेलं पेट्रोल कधीमधी पाजलं, त्याची मळमळ मला दोन-दोन दिवस पुरायची, पण माणूस सज्जन. गाडी चालवायचे ते बैल हाकल्यासारखी, सावकाश. साखराबाई मागे एका अंगावर बसून निलंग्याच्या बाजाराला यायची आणि वाटेत कधीतरी तिचा डोळाही लागायचा. माझ्या आवाजावर ती झोपते, याचा मला अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाचीही लाज वाटते.

मग अण्णांचे गुडघे गेले, किक मारता येईना. भुजंगला नांदेडला खता-बियाण्याच्या दुकानात नोकरी लागली होती. गाडी त्याला मिळाली, आणि तिच्याबरोबर मीही त्याच्या तावडीत सापडलो.

भुजंग तसा वाईट मुलगा नव्हता. हे मी त्याच्या आईकडं बघून म्हणतोय. पण नांदेडला त्याच्या खोलीवर जी टोळी जमायची ती एकच शब्द चघळायची: हवा. अमक्याची लई हवा आहे, तमक्याची हवाच नाही, याची हवा करू, त्याची हवा काढू. मी जन्मभर हवा मापून इंजिनाला वाढत आलो, पण या हवेचं माप मला कधी लागलं नाही. ही टोळी भुजंगला म्हणायची, "तुझी गाडी म्हंजे म्हाताऱ्याचा खोकला." झालं, त्याच्या डोक्यात ते बसलं.

त्यानं मला देविदासच्या गॅरेजात नेलं. देविदास हा तरुण पोरांचा लाडका मेकॅनिक. त्याच्या दोन्ही गालांत सतत गुटखा. भुजंग म्हणाला, "देवाभाऊ, गाडीची काहीच हवा न्हाई राव."

"हवा पायजे ना तुला?" देविदास तोंड वर करून, गुटखा सांडू न देता बोलला. "मंग हवाच सोडू की. कायको टेन्शन लेतोस!"

आणि त्यानं मला उघडलं. कसं सांगू तुम्हाला! इंजिन संथ चालतं तेव्हा पेट्रोल ज्यातून येतं, तो माझ्या पोटातला बारीक भोकाचा जेट त्यानं काढला, ओठांत धरला आणि फुंकला. त्या गुटख्याच्या तोंडात! लाल थुंकी आत, वास आत, आणि सुपारीचा एक कण थेट त्या भोकात जाऊन बसला. त्यानं तो जेट तसाच पिळून लावला आणि हात अंगातल्या बनियनला पुसले. हवा गाळणारा स्पंज काढून रस्त्यावर फेकला. तो एका कुत्र्यानं हुंगला आणि तेही बाजूला झालं. माझा पितळी स्क्रू त्यानं फेऱ्यावर फेरे देत बाहेर काढला. जुना सायलेन्सर कोपऱ्यात टाकून एक पोकळ, आखूड नळकांडं बसवलं, तेही इतकं ढिलं की इंजिनाशी जिथं जोड लागतो तिथूनही हवा आत शिरत होती.

"आता रेस दे आणि एकदम सोड," तो म्हणाला.

भुजंगनं रेस दिली आणि सोडली. फाट! फाट! फाटाक! रस्त्यापलीकडं एक म्हातारा चहाचा कप सांडून बसला. पोरं टाळ्या पिटायला लागली.

हा आवाज काय असतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला त्याचं कौतुक वाटायचं बंद होईल. रेसची मूठ सोडली की इंजिनाला माझ्याकडून अगदी थोडं वाढलं जातं. त्यात हवाच जास्त असली तर ते इंजिनात पेटत नाही. कच्चंच पुढं जातं, तापलेल्या सायलेन्सरात पडतं आणि तिथं भडका उडतो. म्हणजे तो आवाज ताकदीचा नाही, अपचनाचा आहे. इंजिनाला ढेकर येतेय आणि ही पोरं तिला टाळ्या देतायत. कोणाच्या घरात पोट बिघडलं म्हणून कोणी वाजंत्री लावतं का?

आणखी एक. हा आवाज वेग घेताना येत नाही, वेग सोडताना येतो. वळणावर येतो, फाटकापाशी येतो, दवाखान्यासमोर येतो, मुलींच्या वसतिगृहासमोर तर मुद्दाम येतो. आणि घर जवळ आलं की येतो.

भुजंगला हे ठाऊक होतं. म्हणून गावी जाताना तो फाट्यावरच चावी बंद करायचा आणि गाडी ढकलत घरी आणायचा. आईला काय होतं ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. म्हणजे बघा, आवाज वाईट आहे हे कळत होतं, पण तो आपल्या आईपुरता. नांदेडमधल्या लोकांना जणू आया नव्हत्याच.

मग त्याचं लग्न झालं. मुदखेडची वर्षाराणी घरात आली. तिचे वडील रेल्वेत. रुळाच्या कडेला वाढलेली पोर, आवाजाला न घाबरणारी. तिनं सासूला एकदाही समजावायला घेतलं नाही. नुसती सोबत करायची. ती आत शेंगा फोडत बसायची आणि हाक मारायची, "आत्याबाई, जरा इकडं या की, मला एकटीला कंटाळा येतोय." साखराबाई उंबऱ्यापर्यंत यायची, मग भिंतीपर्यंत, मग दुपारभर आत बसायला लागली. वर्षाराणीला मुलगी झाली. माहेरचं बाळंतपण उरकून ती थंडीत बाळाला घेऊन आली, तेव्हा साखराबाईनं स्वतःच्या हातानं पाळणा आत, स्लॅबच्या कडीला बांधला. "लेकराला थंडी सोसायची न्हाई," म्हणाली. "मी बी तिच्याजवळ आतच निजते." अण्णा हे ऐकून अंगणात जाऊन उगाच बाजेच्या दोऱ्या ताणत बसले.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भुजंगला दुकानातून निघायला उशीर झालेला. नांदेडहून त्यानं गाडी अशी पिळून पळवली की माझ्या अंगाला हात लावला असता तर चटका बसला असता. घरून फोनवर फोन. फाटा आला, गेला. चावी बंद करायचं तो विसरला. आत उज्वलानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तनुजा. बायका रीतीप्रमाणे उज्वलाच्या पाठीत धपाटे घालायला पुढं झाल्या. आणि दाराशी येऊन भुजंगनं मूठ सोडली.

फाट! फाट! फाटाक!

आतून आधी पाळण्याची कडी वाजली. मग साखराबाई दिसली. तिनं लेकरू छातीशी आवळलेलं आणि डोळे असे की समोर काही दिसतच नव्हतं. दारात पाहुण्यांच्या चपलांचा हा ढीग. त्यात तिचा पाय अडकला. पडता पडता तिनं अंग पिळलं, लेकरू वर धरलं आणि सगळा भार एका मनगटावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लेकराला खरचटलंसुद्धा नाही.

मग भुजंगचा चुलतभाऊ हनुमंत, ज्याला कुठं काय बोलावं हे कधीच कळलं नाही, तो ओरडला, "काकू, भूकंप न्हाई वं, भुजंग आलाय!"

आणि लोक हसले. हसले! मी तिथं अंगणात उभा होतो, तापलेला, टिकटिक करत थंड होणारा, आणि मी एकेक तोंड पाहिलं. जेवून आलेली, पान खाल्लेली तोंडं. त्यातल्या अर्ध्या लोकांच्या घरातली माणसं त्याच पहाटे गेलेली होती. भुजंगही हसला. ओशाळं हसला, पण हसला. साखराबाई एका हातानं लेकरू धरून मातीत बसलेली होती आणि आभाळाकडं बघत होती. देविदासच्या थुंकीनंही मला एवढी ओकारी आली नव्हती.

लातूरला नेऊन तिच्या हाताला प्लास्टर घातलं. परत आल्यावर तिनं कोणाला न विचारता पाळणा सोडवला आणि शेडमध्ये नेला. बाहेर कडाक्याची थंडी. दोन दिवसांत तनुजाचं नाक वाहायला लागलं, छाती घुरघुरायला लागली.

"आत्याबाई, तिला आत घेते," वर्षाराणी म्हणाली.

"स्लॅबखाली न्हाई."

"ताप यायलाय तिला."

"ताप उतरतोय बाई," साखराबाई म्हणाली. "स्लॅब उतरला की काय ऱ्हात न्हाई."

वर्षाराणी सासूशी भांडली नाही. तिनं पिशवी भरली, लेकराला शालीत गुंडाळलं आणि भुजंगसमोर उभी राहिली. "मी मुदखेडला चाललेय. तिथं छप्पर बी हाय आणि लेकराला घेऊन कोणी पळत बी न्हाई. तुमची ही गाडी ज्या दिवशी गप हुईल, त्या दिवशी न्यायला या. त्याच्या आधी येऊ नका." साखराबाई शेडच्या खांबाला धरून बघत राहिली. लेकराला ठेवून जा असं ती म्हणू शकत नव्हती आणि आत घे असंही म्हणू शकत नव्हती.

भुजंगनं त्याच दिवशी ते नळकांडं काढून फेकलं, जुनापुराणा साधा सायलेन्सर मिळवून लावला. त्याला वाटलं झालं काम. मूठ सोडली, पुन्हा फाट! आवाज बारका झाला, पण आहे तिथंच. सायलेन्सर बदलून काय होणार? माप तर माझ्याकडं बिघडलेलं. सुट्टी संपली तसा तो गाडी घरीच ठेवून एसटीनं नांदेडला गेला. तिथं कोणीतरी शहाण्यानं त्याला खरं कारण सांगितलं असावं, कारण त्यानं अण्णांना फोन केला. "अण्णा, गाडीची हवा जास्त झालीया. निलंग्याला न्या आणि मेकॅनिकला हवा कमी करा म्हणून सांगा. एवढंच सांगा."

अण्णांनी शेजाऱ्याकडून किक मारून घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी मला निलंग्याला नेलं. तिथं नागप्पाचं दुकान. पंक्चरही काढतो आणि गाडीही दुरुस्त करतो. अण्णांनी सांगितलं तसं सांगितलं, "हवा लई झालीया म्हनं. कमी करा."

नागप्पानं दोन्ही टायर दाबून पाहिले. "बराबर हाय की वो अण्णा हवा."

"पोरगं म्हनलंय कमी करा. करा तुम्ही. खामखा वाद कशाला?"

गिऱ्हाईक सांगतंय म्हटल्यावर नागप्पानं दोन्ही टायरांतली हवा सोडली. फुस्स! मी टाकीखाली बसून बघत होतो. बोलता येत नाही याचं दुःख मला तेव्हा झालं तेवढं कधी झालं नाही. अरे बाबांनो, इकडं बघा, इकडं! पण कोण बघतो? येताना प्रत्येक खड्डा अण्णांच्या कमरेत गेला, रिम रस्त्याला टेकत होती, आणि घराशी आल्यावर मूठ सुटली तशी फाट! साखराबाई अंगणात मधोमध उभी. अण्णांनी गाडी लावली आणि पायरीवर बसून राहिले.

त्या शनिवारी भुजंग आला. येताना त्यानं नवा स्पंज, सायलेन्सरच्या जोडाची रिंग आणि एक स्क्रूड्रायव्हर आणला होता. त्यानं मला खोललं. पहिल्यांदाच कोणीतरी मला तोंड न लावता खोललं. पेट्रोलनं धुतलं, सायकलच्या पंपानं हवा मारली. जेटमधून तो सुपारीचा कण निघाला. भुजंगनं तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग जोड घट्ट केला, स्पंज बसवला.

साखराबाई येऊन बाजेवर बसली. प्लास्टरचा हात मांडीवर.

"आई, तू उसाकडं जा जरा. आवाज हुईल."

"न्हाई. हितंच बसते. आज तरी मला ठावं ऱ्हाईल कवा हुणार ते."

त्यानं इंजिन गरम होऊ दिलं. रेस दिली, सोडली. फाट! तिचं सारं अंग आकसलं. पण ती उठली नाही. "कर," म्हणाली. त्यानं माझा स्क्रू किंचित आत पिळला, पुन्हा रेस दिली, सोडली. फट. "कर." असं ते चाललं. ती दर वेळी डोळे मिटायची, दर वेळी बाजेची दोरी मुठीत धरायची आणि दर वेळी म्हणायची, कर. एका वेळेला भुजंग खूश होऊन म्हणाला, "गेला बघ आवाज."

"न्हाई गेला. आत हाय अजून बारका. तुला ऐकू येईना का?"

त्याला खरंच येत नव्हता. स्वतःच्याच फटाक्यांनी त्याचे कान बधिर झाले होते. त्यानं स्क्रू आणखी किंचित आत घेतला. रेस दिली, सोडली. इंजिन उतरत उतरत शांत गुरगुरायला लागलं. साखराबाईनं डोळे उघडले.

"गेला," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "एवढाच इस्क्रू हुता?"

"हाव."

"तुला आधीपासून ठावं हुतं, आवाज गाडीत कुठनं आला ते?"

"हाव. मीच करून घेतला हुता."

"कामून?"

भुजंगच्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच होता. हवा, असं उत्तर होतं. पण ते त्याच्या आईला कसं सांगणार? साखराबाई उठली, त्याच्या डोक्यावरची माती झटकली आणि शेडकडं गेली.

दुसऱ्याच दिवशी तो मुदखेडला गेला आणि बायकोला, लेकीला घेऊन आला. फाट्यापर्यंत एसटी, तिथून सकाळी लावून ठेवलेल्या माझ्यावर. दाराशी येऊन त्यानं मूठ सोडली. काही नाही. साखराबाई पाठमोरी तूर निवडत बसलेली, तिनं वळूनही पाहिलं नाही. त्याला हाक मारावी लागली. वर्षाराणीनं लेकरू तिच्या एका हातात दिलं. साखराबाईनं नातीच्या छातीला कान लावला. घुरघुर थांबली होती. मग ती कोणाकडं न बघता घरात गेली, आणि स्लॅबच्या कडीला पाळणा बांधायला तिनं अण्णांना हाक मारली. त्या वेळी मला माणसांबद्दल जरा बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

दिवेलागणीला ते संपलं.

तुम्हाला सांगायचं राहिलं. बारशाच्या दिवसाचा तो विनोद गावात फिरला होता. हनुमंत आणि त्याच्याबरोबरची पोरं, भूकंपानंतर जन्मलेली, लातूरला जाऊन आपापल्या गाड्या तशाच करून आली होती. मेकॅनिककडं जाऊन नावानं मागायची, "भूकंप करून दे." ज्या गावात एका पहाटे गल्ल्यांच्या गल्ल्या गेल्या, त्या गावच्या पोरांनी आपल्या गाडीच्या ढेकरीला हे नाव ठेवलं. आणि कोणाच्या जिभेला झाली का आग? नाही.

तर दिवेलागणीला ते तिघं-चौघं गल्लीतून गेले. आमच्या दाराशी सगळ्यांनी एकदम मूठ सोडली.

साखराबाई बाहेर आली. या खेपेला पळाली नाही. लेकरू नीट शालीत गुंडाळलेलं, चपला बघत, पायरी बघत, सावकाश आली आणि शेडमध्ये जाऊन बसली. जणू तिला ठाऊकच होतं. अण्णा पाळणा सोडवायला उठले. भुजंग बायकोकडं बघायला लागला. ती आता पिशवी भरणार, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वर्षाराणीनं आतून गादी काढली, सगळ्या गोधड्या काढल्या, शेडमध्ये नेऊन अंथरल्या, वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री बांधली आणि सासूशेजारी बसली.

भुजंगनं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि मला फाट्यावर नेलं. पोरं तिथंच होती. तो म्हणाला, "आणा रे गाड्या. मी नीट करून देतो. एका स्क्रूचं काम हाय."

पोरं एकमेकांकडं बघून हसली. हनुमंत गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"दादा, तुमची हवा करून झाली," तो म्हणाला. "आता आमची बी हू द्या की."

आणि त्यानं भुजंगच्या तोंडावर रेस देऊन सोडली.

तेव्हापासून भुजंग दर रविवारी येतो आणि फाट्यावर मला उभं करून मूठ सोडून दाखवतो, की बघा, आवाज न करताही गाडी पळते. एकानं ऐकलं, स्क्रू आत घेऊन घेतला. बाकीचे ऐकत नाहीत. मी अंगणात शेडच्या बाजूला उभा असतो. सरकारनं बांधून दिलेल्या पक्क्या घरात आता सोयाबीनची पोती आहेत आणि माणसं, त्यातलं एक तान्हं, पत्र्याखाली आहेत. थंडी अजून बरीच बाकी आहे.

माझ्या जातीची सद्दी संपलीच आहे. नव्या गाड्यांत मी नसतो, तिथं सगळं माप यंत्रच ठरवतं. मला जुन्या बाजारात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण तोवर तुमच्या गाडीत माझा कोणी भाऊबंद असेल आणि मूठ सोडल्यावर मागे फटाके फुटत असतील, तर जोड घट्ट करा, स्पंज लावा आणि तो पितळी स्क्रू थोडा आत घ्या. चहा निवायच्या आत होणारं काम आहे. वंगणाची, थुंकीची, रॉकेलाची किळस पेट्रोलनं धुतली की जाते. तुम्हाला हे सगळं कळतं आणि तरी तुम्ही करत नाही, त्याची किळस कशानं धुऊ?